सुधारणा झाली, हे कशावरून?

तपासणी पथक येणार असं कळलं की सरकारी दवाखान्यात आठवडाभर आधीच लगबग सुरू होते. भिंतींना रंग लागतो, हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर नवं येतं, प्रसूतीकक्षातली अर्धवट रजिस्टरं पूर्ण होतात. २०१५ पासूनची ‘कायाकल्प’, २०१७ पासूनची ‘लक्ष्य’ अशा योजनांनी दवाखान्यांच्या स्वच्छतेला आणि शिस्तीला पहिल्यांदाच मान मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. पण मिळालेल्या गुणांचा आणि वाचलेल्या जिवांचा संबंध काय, हे आपण फारसं विचारत नाही. हा प्रश्न चिकाटीने विचारणारे आणि उत्तर अडचणीचं निघालं तरी ते छापणारे काही प्रयत्न गेल्या तीस वर्षांत झाले आहेत. त्यांतले मला महत्त्वाचे वाटतात ते इथे घेतो.

सुरुवात गडचिरोलीपासूनच करायला हवी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांसाठी ३९ गावं कामाला घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९३ पासून दोन वर्षं दोन्हीकडचे बालमृत्यू मोजले. मग १९९५-९६ मध्ये गावातल्याच प्रशिक्षित बायांनी घरोघरी जाऊन ७६३ बाळांच्या पहिल्या महिन्याची नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि डॉक्टरपर्यंत शंभरातली तीनसुद्धा पोचत नव्हती, हे त्या नोंदींतून कळलं. मगच उपाय ठरले: बाळाला ऊब, आईचं दूध, जन्मतः गुदमरलेल्याला श्वास आणि जंतुदोष दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन. हे सगळं त्या गावच्याच बाईच्या हातून. हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं जिथे दगावत होती, तिथे तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या घरातच राहिला. ती ४७ गावं नसती, तर यश पावसाचं, रस्त्यांचं की बदलत्या काळाचं, यावर आजही वाद घालता आला असता.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला आणि २०११ मध्ये आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मात्र त्यात आशाताईंच्या हाती इंजेक्शन आलं नाही, आणि दर भेटीमागे उभी असलेली ‘सर्च’सारखी देखरेख देशभर उभी करणं तर आणखी अवघड. म्हणजे मूळ प्रयोगातले काही भाग गळले आणि नाव तेवढं पुढे गेलं. अशा वेळी गडचिरोलीचे आकडे देशभराच्या खात्यावर मांडता येत नाहीत. नव्या ठिकाणी, नव्या रूपात पुन्हा मोजावं लागतं.

पुन्हा मोजल्यावर काय दिसू शकतं, ते उत्तर प्रदेशात कळलं. उमरखेड तालुक्यातून अमेरिकेला गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, शल्यविशारद अतुल गावंडे यांचा या कामात मोठा वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित बाळंतपणासाठी एक तपासयादी केली होती. आईचा ताप पाहिला का, हात धुतले का, बाळ जन्मताच ऑक्सिटोसिन दिलं का, असे तिचे प्रश्न. बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या रुग्णालयात ती आधी वापरून पाहिली. यादीतल्या २९ कृतींपैकी सरासरी १० होत होत्या, त्या २५ वर गेल्या. उत्साह वाटणं साहजिकच होतं. पण गोकाकला मोजल्या होत्या त्या कृती. जीव वाचले का, हा प्रश्न शिल्लक होता.

तो सोडवायला उत्तर प्रदेशातली १२० आरोग्य केंद्रं घेतली. निम्म्या ठिकाणी यादी दिली आणि आठ महिने प्रशिक्षक नर्स जात राहिल्या. त्या प्रसूतीकक्षात सिस्टरच्या शेजारी उभ्या राहत, काय सुटलं ते नंतर दाखवून देत, अडचण औषधाची असेल तर वरिष्ठांशी बोलत. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांचा सातव्या दिवशी पाठपुरावा झाला. सुरुवातीनंतर दोन महिन्यांनी १८ आवश्यक कृतींपैकी यादी असलेल्या केंद्रांत ७२.८ टक्के होत होत्या, इतरत्र ४१.७ टक्के. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर, बाराव्या महिन्यात हा फरक ६१.७ आणि ४३.९ इतका उरला. आणि माता-बालकांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत? यादी असलेल्या केंद्रांत १५.१ टक्के, इतरत्र १५.३. फरक नाही म्हणावा असाच.

२०१७ मध्ये हे जसंच्या तसं प्रसिद्ध झालं. मला या संपूर्ण आढाव्यातली ही सर्वांत मोलाची घटना वाटते. यादीने सिस्टरचं काम सुधारलं, यात शंका नाही. पण रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला रक्ताची पिशवी लागते, अडलेल्या बाळंतिणीला सिझेरियन लागतं, निळ्या पडलेल्या बाळाला श्वास देण्याचा हातखंडा लागतो. आठवण करून दिल्याने यातलं काहीच पैदा होत नाही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांची कहाणी याला पूरक आहे. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग तिथे पीटर प्रोनोवोस्ट यांच्या पुढाकाराने दीड वर्षात ६६ टक्क्यांनी घटला. वर्तमानपत्रांनी श्रेय साध्या यादीला दिलं. समाजशास्त्रज्ञ मेरी डिक्सन-वुड्स यांनी प्रोनोवोस्ट यांनाच सोबत घेऊन मागे वळून पाहिलं, तेव्हा आतली यंत्रणा दिसली: डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा नर्सला मिळालेला अधिकार, दर महिन्याला समोर येणारे आकडे, एकमेकांकडे पाहून चाललेले विभाग. इंग्लंडने हाच कार्यक्रम नेला तेव्हा संसर्ग घटला खरा, पण अजून कार्यक्रमात न आलेल्या विभागांतही तो घटतच होता. शिवाय संसर्ग कशाला म्हणायचं आणि नमुना केव्हा पाठवायचा, हेही विभागागणिक वेगळं निघालं. मोजणीच एकसारखी नसेल, तर क्रमवारी लावून उपयोग काय?

आपल्याकडची एक जोडी अशीच बोलकी आहे. झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ संस्थेने बायांचे गट जमवले, दरमहा बैठका घेतल्या आणि नवजात बाळांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘स्नेहा’ने गटांचीच वाट धरली. मृत्युदरात फरक पडला नाही, आणि २०१२ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं. झारखंडात बाळंतपणं बहुतांशी घरी होत. नाळ कापण्याआधी हात धुणं, स्वच्छ ब्लेड वापरणं हे गटातल्या बायांच्या हातात होतं. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, आणि तिथे काय घडतं यावर बायांच्या गटाचा काय ताबा असणार?

या सगळ्यांनी आकड्यांसोबत ‘कसं घडलं’ तेही शोधलं. आपल्याकडे त्यासाठी चौकट तयार आहे. २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण अपेक्षित आहे. अशी बैठक ‘कोणाची चूक’ या प्रश्नाकडे वळली, की सिस्टर घाबरून बोलत नाही आणि रुग्णवाहिका कुठे अडकली हे कागदावर येतच नाही. नावं वगळून या अन्वेषणांचा गोषवारा दर वर्षी तालुकावार छापावा. कोणता बदल केला, तो कुठे टिकला, कुठे टिकला नाही आणि का, हेही त्यात असावं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, बजेटही फारसं लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला अपयश लिहिलं म्हणून कारणे दाखवा नोटीस येणार नाही, एवढी हमी मात्र वरून मिळायला हवी.