छोट्या लेथची निवड

भारतातील कातारी पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून काम करीत आला. दोन टोकांमध्ये धरलेले लाकूड तो कमानीच्या दोरीने स्वतः फिरवी, अथवा समोर बसलेल्या साथीदाराकडून दोर ओढवून घेई. लाकूड आळीपाळीने पुढे व मागे फिरत असल्यामुळे पटाशी चाले ती एकाच दिशेच्या फेऱ्यात. परतीचा फेरा वाया जाई. विजेच्या लेथने हा अपव्यय संपविला. कर्नाटकातील चन्नपटणा येथे काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची खेळणी आता बहुतांशी विजेच्या लेथवरच कातली जातात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते व लाकडावर पसरते; मग केवड्याच्या पानाने तिला झिलई देतात.

असा एखादा लेथ घरातील ओट्यावर किंवा टेबलावर बसवावा अशी इच्छा धरणारा मनुष्य दुकानात जातो तेव्हा त्याच्यापुढे प्रथम मांडली जाते ती मोटारीची शक्ती. वस्तुतः अर्ध्या अश्वशक्तीची मोटार छोट्या कामास पुरेशी असते. खरा प्रश्न निराळाच आहे: त्या यंत्रावर काय कातावयाचे? पोळपाट आणि लाटणे ही जोडी या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय, कारण एकाच घरात नांदणाऱ्या या दोन वस्तू लेथकडून अगदी परस्परविरुद्ध गोष्टी मागतात.

लाटणे दोन टोकांमध्ये धरून कातले जाते. त्याला हवी असते ती लांबी. दोन टोकांमधील अंतर 35 सेंटिमीटर असलेल्या लेथवर 30 सेंटिमीटरचे लाटणे सुखाने बसते. मात्र त्याच लेथवर टेलस्टॉकमध्ये ड्रिलचा चक लावून भोक पाडावयाचे असेल तर चक आणि ड्रिल मिळून यातील बरीचशी जागा खातात. पोळपाट मात्र एकाच बाजूने, फेसप्लेटवर, धरला जातो. त्याला हवी असते ती बेडवरील उंची. 25 सेंटिमीटर व्यासाची वस्तू फिरू शकेल असे जाहिरातीत म्हटलेले असते, तो आकडा मध्यबिंदूच्या बेडपासूनच्या उंचीच्या दुप्पट असतो. 25 सेंटिमीटर बाजूची चौकोनी फळी अशा लेथवर फिरणार नाही, कारण तिचा कर्ण 35 सेंटिमीटरच्या वर जातो. तिचे कोपरे आधी करवतीने उडवावे लागतात.

यापुढचा मुद्दा गतीचा. आणि स्वस्त लेथ फसवितात ते येथेच. 4 सेंटिमीटर जाडीचे लाटणे मिनिटाला 2000 फेऱ्यांनी फिरले तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे 4 मीटर होतो. तितक्याच फेऱ्यांनी 25 सेंटिमीटरचा पोळपाट फिरविला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 26 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 94 किलोमीटर होईल. ओबडधोबड, एका अंगाला जड असलेली फळी या वेगाने सुटली तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. मिनिटाला 500 फेऱ्यांवर हाच वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत येतो. म्हणून लेथची सर्वांत जास्त गती किती हे विचारण्याऐवजी सर्वांत कमी गती किती हे विचारावे. ती 800 च्या आसपास असेल तर तो लेथ लाटणी, भोवरे, मणी, पटाशीच्या मुठी यांसाठी चांगला. पोळपाटासाठी तो घेऊ नये.

गती बदलण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवावा लागतो, दुसरीत केवळ बटण फिरवावे लागते. बटणाची सोय मोहक खरी, परंतु केवळ बटणाने गती फार उतरविली तर मोटार दुबळी पडते व तापते. पट्टा लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर नेला असता गती घटते व जोर वाढतो. ज्या लेथवर या दोन्ही रीती आहेत तो थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावा.

वजनाची भीती बाळगू नये. ओतीव लोखंडी बेडचा 40 किलोग्रॅमचा लेथ उचलताना कष्ट देतो, पण काम करताना थरथरत नाही. पत्र्याच्या बेडचा हलका लेथ घ्यावाच लागला, तर तो जड टेबलाला बोल्टने आवळावा व खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवावीत. टेबलाची उंची अशी असावी की लेथचा मध्यबिंदू उभ्या माणसाच्या कोपराशी येईल.

जुना लेथ मिळत असेल तर संकोच करण्याचे कारण नाही. हेडस्टॉकचे व टेलस्टॉकचे टोक एकमेकांजवळ आणून पाहावे. ती अचूक भिडली पाहिजेत. स्पिंडल हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, तो वरखाली हलवून ढिलेपणा तपासावा. टूलरेस्टवरील खाचा कानशीने घासून जातात, त्यांकरिता सौदा मोडू नये. पण स्पिंडलचे आटे प्रचलित मापाचे नसतील आणि आतील निमुळते भोक मोर्स टेपर क्रमांक 1 किंवा 2 चे नसेल, तर पुढे चक वा फेसप्लेट मिळविताना जन्माची अडचण होते.

सर्व पैसे यंत्रात घालणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. बोथट पटाशीपुढे उत्तम लेथही लाकूड कापीत नाही, ओरबाडतो. हायस्पीड स्टीलच्या चार पटाश्या (एक जाड गोल, एक बारीक गोल, एक तिरपी आणि एक तोडणी), धार लावण्याचे ग्राइंडर आणि संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल यांसाठी रक्कम आधीच बाजूला काढावी. हातमोजे मात्र घालू नयेत. ओढणी, पदर, सैल बाही यांप्रमाणेच तेही फिरत्या लाकडात अडकतात.

चार जबड्यांचा चक महाग असतो, आणि त्यावाचून आरंभ अडत नाही. पोळपाटाची फळी फेसप्लेटला खालच्या बाजूने स्क्रूंनी जोडता येते. स्क्रूंच्या जागा आधी नीट आखल्या, तर काम झाल्यावर राहिलेल्या भोकांवर पोळपाटाचे तीन पाय बसतात.