परदेशात फोन : लेखांक ५ – रोमिंगचा पैसा कुठे जातो

परदेशात नेलेल्या भारतीय मोबाइलवर आलेला कॉल आधी भारतातच पोहोचतो आणि तिथून पुढे परदेशी जातो. रोमिंगच्या महागाईचे मूळ या वळशात आहे. वसईजवळच्या उमेळ्याहून कुणी लिस्बनला गेलेल्या भावाचा नेहमीचा नंबर लावला, तर लावणाऱ्याला तो देशातलाच कॉल वाटतो आणि आकारणीही तशीच होते. भारतापासून लिस्बनपर्यंतच्या टप्प्याचे पैसे मात्र घेणाऱ्याकडून वसूल होतात. देशात फुकट असलेले ‘इनकमिंग’ सीमा ओलांडताच महागते ते यामुळे. एकाच हॉटेलात उतरलेल्या दोन भावंडांनी आपापल्या भारतीय नंबरांवरून एकमेकांना फोन केला, तर शेजारच्या खोलीतला आवाज भारताची वारी करून येतो आणि भुर्दंड दोघांनाही पडतो. उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर वळेल, अशी सोय म्हणजे कॉल फॉरवर्डिंग चालू असेल, तर न उचललेल्या कॉलचाही असाच फेरा होऊ शकतो. विमानात बसण्यापूर्वी ती सोय बंद करणे बरे.

वसई पट्ट्यातल्या घरांना परदेशी फोनचा खर्च नवा नाही. आखातात नोकरीला गेलेल्या माणसाचा आवाज एकेकाळी पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी बूथमधून, मीटरच्या आकड्यांवर डोळा ठेवूनच ऐकला जाई. आंतरराष्ट्रीय कॉलांची मक्तेदारी तेव्हा १९८६ साली स्थापन झालेल्या विदेश संचार निगमकडे होती. ती २००२ साली संपली. आज मीटर दिसत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे.

कारण आता खर्चाचा मोठा वाटा बोलण्याचा नसून डेटाचा असतो, आणि डेटा माणसाने हात न लावताही खर्च होतो. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, नातेवाइकांच्या ग्रुपवर पहाटेपासून येणारे सुप्रभातचे व्हिडिओ हे सगळे मागच्या बाजूने उतरत राहते. पॅक न घेता रोमिंगवर डेटा चालू ठेवणे ही सर्वांत महागडी चूक. उपायही घरीच करता येतात : व्हॉट्सअ‍ॅपमधले आपोआप डाउनलोड बंद करावे, बॅकअप फक्त वायफायवर ठेवावा आणि ज्या शहरांत फिरायचे त्यांचे नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. हे केले की लागणारा डेटा बराच कमी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नुसत्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी पुरतो. व्हिडिओ कॉल त्याच्या कित्येक पट खातो.

डेटा कुठून घ्यायचा, याचे उत्तर प्रवासाच्या नकाशावर ठरते. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दोन नेहमीच्या यात्रा इथे चांगले उदाहरण आहेत. पहिली फातिमा, लूर्द आणि रोमची. पोर्तुगाल, फ्रान्स, इटली हे तिन्ही देश युरोपीय संघातले आहेत. संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या हद्दीतले रोमिंगचे जादा शुल्क काढून टाकले आणि २०२२ साली ही सवलत आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. त्यामुळे लिस्बनमध्ये घेतलेले स्थानिक सिम लूर्दला आणि रोमलाही सहसा त्याच दरात चालते. डेटाच्या प्रमाणाला कंपनी मर्यादा घालू शकते, तेवढे दुकानात विचारून घ्यावे. मात्र मध्येच स्वित्झर्लंडची बर्फाची शिखरे जोडली असतील तर सावध राहावे. तो देश संघात नाही आणि या नियमातही नाही. नॉर्वे आणि आइसलँड संघात नसूनही या नियमात आहेत. ब्रिटन बाहेर पडला आहे.

दुसरी यात्रा पवित्र भूमीची. जॉर्डन, इस्रायल, इजिप्त असे तीन देश दहा-बारा दिवसांत होतात आणि तिथे असा कोणताही सामायिक नियम नाही. तीन देशांत तीन सिमे घेणे वेळेला आणि खिशाला परवडत नाही. इथे तिन्ही देशांची नावे यादीत असलेला भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक किंवा प्रवासी ई-सिम सोयीचे. यादी स्वतः वाचावी. ‘मध्यपूर्व’ या शब्दावर विसंबू नये. शिवाय मृत समुद्राच्या काठी फोन पलीकडच्या देशाचे नेटवर्क पकडू शकतो. पॅक एकाच देशाचा असेल, तर सीमेलगत नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून ते हाताने निवडावे.

ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. तिच्यावर कंपनीची माहिती इंटरनेटवरून उतरवतात. आपला फोन ती घेऊ शकतो का, हे *#०६# दाबून कळते. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी हा बत्तीस अंकी क्रमांक दिसला, तर घेऊ शकतो. अशी बहुतेक प्रवासी ई-सिमे फक्त डेटा देतात, फोन नंबर देत नाहीत. ती घरच्या वायफायवर उतरवून ठेवावीत. परक्या विमानतळावर इंटरनेट मिळवण्यासाठी इंटरनेट शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

भारतीय सिम तरीही फोनमधून काढू नये. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा फुकट असतो. रोमिंगची सेवा चालू, त्या सिमचा डेटा बंद आणि डेटासाठी दुसरे सिम, अशी मांडणी दोन सिमांच्या फोनवर सर्वांत स्वस्त पडते. व्हॉट्सअ‍ॅपने ‘नंबर बदलायचा का’ असे विचारले, तर नाही म्हणावे; ते जुन्याच नंबरवर चालत राहते. यूपीआयची नोंदणी मात्र निघण्यापूर्वी उरकावी. त्यासाठी भारतीय नंबरवरून एसएमएस जावा लागतो आणि परदेशातून जाणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप आणि फोटो जातात, कॉल मात्र अडवलेले असतात. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅपे वापरतात. ती उमेळ्याच्या फोनवरही आधीच उतरवून, एकदा चालवून पाहावीत. नाहीतर पोहोचल्याचा फोन कसा करायचा, इथपासून सुरुवात होते.

क्रूझवर किंवा मालवाहू जहाजावर फोन किनारा सुटताच जहाजाच्या स्वतःच्या उपग्रह-नेटवर्कवर जातो. देशांचे नेहमीचे पॅक तिथे सहसा लागू होत नाहीत आणि दर डोळे पांढरे करणारे असतात. बंदर सुटताना फ्लाइट मोड, हाच नियम.

महिनोन्‌महिने राहणाऱ्यांना, म्हणजे बाळंतपणासाठी लेकीकडे गेलेल्या आईला किंवा नोकरीवर गेलेल्या मुलाला, स्थानिक सिमच परवडते. त्यांनी भारतीय प्रीपेड नंबर मरू देऊ नये. सलग ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाने तो राखता येतो. मात्र रिचार्जची मुदत संपली, तर ओटीपी येणे थांबू शकते, म्हणून दीर्घ मुदतीचा स्वस्त रिचार्ज घरच्यांकडे सोपवावा. एनआरई किंवा एनआरओ हे अनिवासी भारतीयांचे बँक खाते असलेल्यांना २०२३ पासून अमिराती, ओमान, कतार, सौदी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या स्थानिक नंबरवरही यूपीआयची परवानगी आहे, मात्र आपली बँक ती देते का ते पाहावे लागते.