स्वभावाला औषध असतं का? विचारा रॉटवायलरला!

एक आई आपल्या तान्ह्या बाळाला सांभाळायचं काम घरातल्या कुत्र्यावर सोपवते आणि खुशाल बाहेर निघून जाते. मग तो कुत्रा काय करतो? बाळाला पाठीवर बसवून घरभर फिरवतो, माशांच्या टाकीत डुंबायला सोडतो, खाऊ देतो, आंघोळ घालतो, सगळी सांडलवंड आवरतो आणि आई परत यायच्या आत बाळाला जागच्या जागी ठेवून साळसूदपणे बसून राहतो!

ही धमाल आहे अलेक्झांड्रा डे या अमेरिकन चित्रकर्तीच्या ‘गुड डॉग, कार्ल’ या १९८५ सालच्या चित्रपुस्तकातली. पुस्तकात शब्द अगदी मोजके, सगळी गोष्ट चित्रांतच. आणि हा कार्ल कोण असेल? लॅब्रडॉर? नाही. पॉमेरेनियन? छे! कार्ल आहे चक्क रॉटवायलर. तोच तो काळाकभिन्न, रुंद डोक्याचा, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके असलेला कुत्रा. तो ज्या फाटकाआड दिसतो, त्या फाटकासमोरून आपण जरा लगबगीनेच निघतो.

मग खरं काय? रॉटवायलर प्रेमळ की खतरनाक? आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात, ‘स्वभावाला औषध नाही.’ आणि कुत्र्याचं शेपूट तर म्हणे नळीत घातलं तरी वाकडंच राहतं. म्हणजे एकदा रॉटवायलर म्हणून जन्माला आला की त्याचा स्वभाव ठरला? चला, या म्हणींची जरा उलटतपासणी करू या.

गुरांमागून चालणारा कुत्रा

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात नेकार नदीच्या काठी रॉटवाइल नावाचं जुनं गाव आहे. सुमारे १,९५० वर्षांपूर्वी तिथे रोमन सैन्याने तळ ठोकला होता. पुढच्या काळात हे गाव गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध झालं. खाटीक तिथे यायचे, गुरं विकत घ्यायचे आणि पायी हाकत घेऊन जायचे. गुरं हाकायला सोबत असायचा कुत्रा. मांसाने भरलेली छोटी गाडीही तोच ओढायचा. त्याला लोक ‘रॉटवाइलच्या खाटकांचा कुत्रा’ असंच म्हणायचे. असंही सांगतात, की परतीच्या वाटेवर चोरांची भीती नको म्हणून खाटीक पैशांची पिशवी कुत्र्याच्याच गळ्यात बांधायचे. काय बिशाद कोणाची हात घालायची!

आता तुम्हीच विचार करा, या कामाला कसा कुत्रा हवा? उगाच भुंकून थयथयाट करणारा? तो असता तर गुरं बिथरून चौफेर उधळली असती. धावून धावून ती वाळली असती, तर नुकसान खाटकाचंच. बरं, भित्रा कुत्रा? बैलाने शिंगं उगारताच त्याने शेपूट घातलं असतं. म्हणजे कुत्रा हवा शांत, पण न डगमगणारा. मालकाचं ऐकणारा, पण मालक लांब असेल तर स्वतःच्या डोक्यानेही चालणारा. पिढ्यान् पिढ्या लोकांनी असेच कुत्रे निवडले आणि त्यांचीच पिल्लं वाढवली.

मग आली आगगाडी. गुरं डब्यात बसून जाऊ लागली आणि कुत्रा बेकार झाला! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जात जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तिला वाचवलं नव्या नोकरीने. १९१० साली जर्मनीत रॉटवायलरला पोलीस-कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. १९२१ साली या जातीसाठी देशभराचा क्लब स्थापन झाला. गंमत म्हणजे या क्लबच्या नियमांनुसार पिल्लं होऊ देण्याआधी आई-बाबांना परीक्षा द्यावी लागते. नुसतं दिसणं आणि कमरेचे सांधे तपासून भागत नाही, तर स्वभावाचीही परीक्षा होते. अनोळखी माणसांच्या घोळक्यात कुत्रा कसा वागतो, अचानक मोठा आवाज झाला तर काय करतो, हे परीक्षक बघतात. जो घाबरट किंवा जो अंगावर धावून जाणारा, तो नापास.

आधी रेलतो, मग घुर्रर्र करतो

घरात पाळलेल्या रॉटवायलरमध्ये हा गुरं राखणारा कुत्रा अजून दिसतो बरं का! तुम्ही सोफ्यावर बसला आहात. तो येतो, तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि हळूच आपलं बूड तुमच्या गुडघ्यांना टेकवतो. मग थोडा रेलतो. मग आणखी थोडा. शेवटी सगळा भार टाकून निवांत समोर बघत बसतो. नराचं वजन ५० किलोच्या आसपास, म्हणजे पाचवीतली दीड मुलं तुमच्या मांडीवर! रॉटवायलर पाळणारे लोक ही सवय हमखास सांगतात. ही त्याची लाडात यायची पद्धत.

अंगणात मुलं पळापळी खेळायला लागली, की काही रॉटवायलर त्यांच्या भोवती फिरतात आणि खांद्याने किंवा कुल्ल्याने धक्का देऊन त्यांना एका जागी गोळा करू बघतात. हट्टी बैलाला वळवायची हीच तर रीत होती! त्यात राग नसतो; पण तीन वर्षांचं मूल मात्र धाडकन पडू शकतं. म्हणून अंगात मस्ती असलेला मोठा कुत्रा आणि छोटी मुलं यांच्यात एखादं मोठं माणूस हवंच.

आणखी एक नवल. पोटावर खाजवलं, की कित्येक रॉटवायलर घशातून खोल ‘घुर्रर्र’ असा आवाज काढतात. पाहुणे दचकतात, घरचे मात्र हसतात. मग ही गुरगुर रागाची की खुशीची, हे कसं कळायचं? कान नव्हे, डोळे वापरायचे. अंग सैल आहे, तोंड अर्धवट उघडं आहे, डोळे मिटताहेत: खुशी. अंग ताठ आहे, तोंड मिटलेलं आहे, नजर रोखलेली आहे: तिथल्या तिथे थांबा.

शंभरातले फक्त नऊ

आता येऊ या म्हणीकडे. जात ठरली म्हणजे स्वभाव ठरला का?

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांना भरपूर प्रश्न विचारले. तुमचा कुत्रा अनोळखी माणसाकडे जातो का? हाक मारली की येतो का? दाराची घंटा वाजली की घाबरतो का? त्यातल्या २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर छापून आलं. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी फक्त ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो! माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जातीचा हात थोडा जास्त दिसला. पण कुत्रा किती लवकर बिथरतो किंवा चिडतो, हे जातीवरून ओळखणं सगळ्यात अवघड निघालं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली वेगवेगळ्या जातींच्या रागाची तुलना केली. माणसांवर खेकसण्यात आघाडीवर कोण होतं, माहितीये? पायाएवढा डॅक्सहुंड आणि पिशवीत मावणारा चिवावा!

पण थांबा, लगेच रॉटवायलरला मिठी मारायला धावू नका. चिवावाने चावा घेतला तर बहुधा पट्टी लावून भागतं. ५० किलोच्या कुत्र्याने घेतला तर गाठ थेट शस्त्रक्रियेशी. राग तेवढाच असला तरी जबडा मोठा आहे. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकाची जबाबदारीही मोठी.

जातीवरून कुत्रा धोकादायक ठरवायचा का, हा वाद आपल्या देशातही झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं. यादीत रॉटवायलर होता. संबंधित लोकांचं म्हणणं न ऐकताच हे ठरवलं, म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही.

मग स्वभावातलं उरलेलं कुठून येतं?

बरंचसं येतं पिल्लाच्या लहानपणातून. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून बघितली आणि १९६५ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाच्या मेंदूची एक खिडकी उघडी असते. या काळात जे भेटतं, ते ‘आपलं’. नंतर जे अचानक समोर येतं, ते ‘संशयित’.

पिल्लू घरी येतं साधारण आठव्या आठवड्यात. म्हणजे हातात उरतात जेमतेम चार-पाच आठवडे! तेवढ्यात त्याला काय काय दाखवायचं? कुकरची शिट्टी. फटकन उघडणारी छत्री. हेल्मेट घातलेला माणूस. काठी टेकत येणारे आजोबा. रिक्षाचा भोंगा, लांबून ऐकू येणारा ढोल, रडणारं बाळ. लसी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून पशुवैद्यांना विचारून, पिल्लाला कडेवर घेऊनच फिरवायचं. आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक छोटासा खाऊ. ज्या रॉटवायलरचं हे वय अंधाऱ्या खोलीत किंवा गच्चीवर साखळीला बांधून गेलं, त्याला मोठेपणी पोस्टमनही शत्रू वाटला तर दोष कोणाचा?

पुढे येतो आडमुठेपणाचा काळ. हो, कुत्र्यांनाही ‘ते’ वय असतं! इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी आशर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांचे वाटाड्या कुत्रे होणाऱ्या पिल्लांना ‘बस’ म्हणून पाहिलं. पाच महिन्यांची असताना पिल्लं निमूट बसायची. आठ महिन्यांची झाल्यावर मात्र घरच्या माणसाने सांगितलं तर ढिम्म! अनोळखी माणसाने सांगितलं तर लगेच बसायची. (आई, तू सांगितलंस की ऐकत नाही आणि बाईंनी सांगितलं की लगेच, हे वाक्य कुठेतरी ऐकलंय ना?) ती पिल्लं लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांच्या संकरातली होती. रॉटवायलरची तर गोष्टच निराळी: वर्षभरात अंग मोठ्या कुत्र्याचं होतं, पण डोकं जागेवर यायला दोन-तीन वर्षं लागतात. या काळात मारलं, ओरडलं तर कुत्रा माणसाला घाबरायला शिकतो, आणि घाबरलेला कुत्राच बहुतेक वेळा चावतो. रोज थोडा सराव, भरपूर चालणं आणि डोक्याला काम, हे खरं औषध. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात चालणं पहाटे किंवा रात्री. त्याचा काळा, दाट कोट जर्मनीच्या थंडीसाठी आहे, नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही.

शेपटीची लिपी

कुत्रा तोंडाने बोलत नाही, पण अंगाने सारखा बोलत असतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचं कॅमेऱ्याने चित्रण केलं. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायची. अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या बाजूला! म्हणजे शेपटी हलली की कुत्रा खूशच, असं नाही.

पूर्वी रॉटवायलरची शेपटी लहानपणीच कापून टाकायचे. जर्मनीने १९९८ साली त्यावर बंदी घातली. बरंच झालं, कारण शेपटी कापली की कुत्र्याचं निम्मं बोलणंच कापलं जातं. त्यात चेहरा काळा, म्हणजे हावभाव दिसायला आधीच कठीण. आपल्याला वाटतं, हा अचानक चावला. खरं तर त्याने आधी चार वेळा सांगितलेलं असतं: मान वळवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला. आणि छोटी मुलं तर दात विचकलेल्या कुत्र्याला ‘हसतोय’ म्हणतात, असं अभ्यासांत दिसून आलंय. म्हणून धाकट्या भावंडांना हे तुम्हीच शिकवायचं.

हे लक्षात ठेवा

कुत्रा जेवत असेल, झोपला असेल किंवा पिल्लांजवळ असेल, तर त्याच्या वाटेला जायचं नाही. मिठी मारायची नाही. आपल्याला ती आवडते, बहुतेक कुत्र्यांना कोंडल्यासारखं वाटतं. कार्लची गोष्ट पुस्तकातच ठेवायची: छोटं मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असो, दोघांनाच कधी सोडायचं नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात पोटाशी घेऊन, पायांकडे बघत, झाड होऊन उभं राहायचं. पडलातच तर अंगाचं मुटकुळं करायचं आणि हातांनी मान आणि कान झाकायचे.

करून बघा

ओळखीच्या कोणाकडे शांत कुत्रा असेल, तर मोठ्यांना सोबत घ्या आणि मालकाची परवानगी विचारा. मग उभ्या उभ्या एका बाजूला हात सैल सोडा आणि कुत्र्याला स्वतःहून येऊ द्या. आला, तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळा. डोक्यावरून हात नको. तीन सेकंद झाले, की हात मागे घ्या आणि बघा. तो आणखी जवळ सरकला, हाताला नाक लावलं, रेलला? त्याला अजून हवंय. तोंड फिरवलं, अंग झटकलं, निघून गेला? त्याने ‘आज पुरे’ म्हटलंय, आणि तुम्ही ते ऐकायचं.

घरी येऊन वहीत लिहून ठेवा: कुत्र्याचं नाव, त्याचं उत्तर, आणि ते कान, शेपटी, तोंड यांपैकी कशावरून कळलं. निरनिराळ्या कुत्र्यांची उत्तरं जमली की वही घेऊन ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना जरूर गाठा.