जुन्या जीपचा गिअरबॉक्स

महिंद्रांच्या जुन्या, विलिस वंशाच्या जीपमध्ये तीन गतींचा गिअरबॉक्स आणि त्यामागील ट्रान्स्फर केस यांतले तेल एकमेकांत मिसळत असल्यामुळे, ते बदलताना दोन्ही पेट्यांचे निचऱ्याचे बोल्ट सोडावे लागतात. तत्पूर्वी भरणीचा बोल्ट सुटतो याची खातरजमा करावी, कारण तोच गंजून अडला, तर रिकाम्या पेटीची गाडी हलवणेही मुश्कील. गाडी फिरवून आणून, गरम तेल थाळीत काढावे: त्यात दाट सोनेरी झाक दिसली, तर सिंक्रोमेशच्या पितळी कड्या झिजताहेत, आणि लोखंडी कपचे निघाले, तर दातेच तुटताहेत, असे बेलाशक समजावे. नवे तेल घेताना ‘महाग ते उत्तम’ हा आपला लाडका समज बाजूस ठेवावा. ‘जीएल-५’ प्रतीच्या काही तेलांतील गंधक-स्फुरदयुक्त द्रव्ये डिफरन्शियलच्या दात्यांना उपकारक असली, तरी पितळेस खातात, म्हणून येथे ‘जीएल-४’च श्रेयस्कर. पहिल्या गिअरला मात्र सिंक्रोच नसल्याने त्याची खरखर कोणतेही तेल थांबवणार नाही.