गाठ मानेतली आणि मानेखालची

उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांकडे भारतातून आई-वडील येतात. त्यांच्या सामानात कधी तंबाखूची पुडी असते, कधी मिश्रीची डबी. महाराष्ट्रात तोंडाचे कर्करोग इतके का आढळतात, याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. "रोग मानेत उतरला" हे शब्द ऐकले की घरचे लोक सगळे संपले असे धरून चालतात. बातमी गंभीर खरीच, पण रोग मानेत असणे आणि मानेच्या खाली गेलेला असणे यांत मोठा फरक आहे. (मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअरवाला. निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा.)

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे असते आणि त्यात ठिकठिकाणी गाळणीसारख्या लसिकाग्रंथी असतात. जीभ, गाल, घसा यांची लसिका आधी जबड्याखाली आणि मानेच्या वरच्या भागात उतरते. त्यामुळे तिथला कर्करोग पसरला तर बहुधा प्रथम मानेतच सापडतो. डॉक्टर याला जवळचा प्रसार समजतात. शस्त्रक्रिया व किरणोपचार करून रोग पूर्ण काढण्याचा प्रयत्न तेव्हाही करता येतो.

काखेतल्या किंवा छातीत फुप्फुसांच्या मधल्या ग्रंथींपर्यंत रोग पोचला, तर मात्र तो दूरचा प्रसार. मानेची लसिका एरवी काखेकडे जात नाही. मानेतल्या ग्रंथी रोगाने तुंबल्या, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेने वा किरणांनी वाट बंद झाली, की ती आडवाट शोधते. मानेत बाधित ग्रंथी जितक्या अधिक व जितक्या खाली, तितका हा धोका वाढतो. रोग ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आला असेल तरही तसेच. अशा वेळी पेट-सीटी स्कॅन करून शरीर तपासतात, आणि बहुधा केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपीसारख्या सर्व शरीरावर काम करणाऱ्या औषधांवर भर येतो. उलटही घडते: कॉलरबोनच्या वर, विशेषतः डावीकडे आलेली गाठ पोटातल्या किंवा छातीतल्या कर्करोगाची असू शकते.

मानेत गाठ लागत नसेल तर मान कापायची कशाला, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे उत्तर आपल्या परळच्या टाटा रुग्णालयाने दिले आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत थांबले. 2015 मध्ये 500 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण पहिल्या गटात 80 टक्के, दुसऱ्यात 67.5 टक्के. जगभरच्या डॉक्टरांनी दखल घेतली असे हे काम मुंबईत झाले, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. इकडे नेदरलँड्समध्ये अशा लहान गाठींसाठी आधी 'स्खिल्डवाख्टक्लीर', म्हणजे पहारेकरी ग्रंथी, काढून तपासण्याची पद्धतही वापरतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीची मान वाचते.

युरोपातला साधा नियम तीन आठवड्यांचा आहे. मानेत गाठ, तोंडात न भरणारा व्रण, लाल वा पांढरा चट्टा, बसलेला आवाज, गिळताना दुखणे, घसादुखी, एकाच बाजूने चोंदलेले किंवा रक्त येणारे नाक: यांतले एकही तीन आठवडे टिकले तर हाउसआर्ट्सकडे जावे. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी ठरत नाही. हाउसआर्ट्सने पॅरासिटामॉल देऊन परत पाठवले, तर दिवस मोजून पुन्हा जावे आणि तंबाखूचे स्पष्ट सांगावे; मिश्री म्हणजे काय हे इथे समजावून द्यावे लागते. सुई टोचून तपासल्याने रोग पसरतो ही भीती बाळगून तपासणी टाळू नये.

आता पैशांचे. हाउसआर्ट्सच्या भेटीला आयखन रिसिको लागत नाही; त्यांनी सांगितलेल्या रक्ततपासणीला आणि रुग्णालयाला लागतो. 2016 ते 2025 या वर्षांत तो 385 युरो होता. उपचार डिसेंबरातून जानेवारीत गेले तर नव्या वर्षाचा वेगळा द्यावा लागू शकतो. पाहुण्या आई-वडिलांना मात्र इथला मूलभूत विमा नसतो. त्यांचा प्रवासविमा सहसा तातडीच्या आजारापुरता असतो, जुन्या आजाराच्या उपचारांना नव्हे. हाउसआर्ट्सची एक भेट स्वतःच्या खिशातून करून घ्यावी, आणि संशय निघाला तर परतीचे तिकीट अलीकडे आणून भारतातल्या कर्करोग रुग्णालयाची वेळ इथूनच घ्यावी. इथले अहवाल इंग्रजीत मागून बरोबर द्यावेत.