हाताला कळणारं घर

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून महापेकडे वळलं की टीटीसी औद्योगिक वसाहत लागते. मिलेनियम बिझनेस पार्क, काचेच्या इमारती, चहाच्या टपऱ्या, शिफ्ट सुटल्यावर रिक्षांसाठी उडालेली झुंबड. ‘हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड’ या संस्थेचं नवी मुंबईतलं केंद्र याच गजबजाटात आहे. डेफब्लाइंड म्हणजे कान आणि डोळे, दोन्हींची साथ नसलेली किंवा अगदी तुटपुंजी असलेली माणसं. बाहेरच्या गोंगाटाचा त्यांना पत्ता नसतो. एखादा अवजड ट्रक गेला तर पायाखालच्या फरशीतून तो तेवढा कळतो.

बेरोझ वाच्छा यांनी 1977 साली मुंबईत या संस्थेची सुरुवात केली. त्याआधी अशा मुलांची अवस्था बिकट होती. कर्णबधिरांच्या शाळेत ओठांच्या हालचाली आणि खुणा दाखवून शिकवतात, अंधशाळेत ऐकवून शिकवतात. ज्याला दोन्ही नाही, ते मूल दोन्ही शाळांच्या दारातून परत यायचं. खुद्द हेलन केलर 1955 साली भारतात, मुंबईतही येऊन गेल्या होत्या, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. पण त्यांच्यासारख्या मुलांना शिकवायची सोय इथे उभी राहायला आणखी दोन दशकं जावी लागली. भायखळ्याच्या महापालिका शाळेच्या इमारतीत संस्थेचं काम चाले. पुढे महापे इथे जागा झाली आणि शाळेचं वय उलटलेल्यांच्या प्रशिक्षणाला, निवासाला ऐसपैस ठिकाण मिळालं.

निवास लागतोच कशाला, असं एखाद्याला वाटेल. उत्तरासाठी अशर सिंड्रोम हा आनुवंशिक आजार समजून घ्यावा लागतो. मूल जन्मतः कर्णबधिर असतं. ते खुणांची भाषा शिकतं, मित्र जोडतं. मग साधारण दहाव्या-बाराव्या वर्षी किंवा त्यानंतर संध्याकाळी अडखळायला लागतं. रातांधळेपणा ही पहिली चाहूल. पुढे नजर कडेकडेनं मिटत जाते आणि बोगद्यातून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसत राहतं. समोरच्याची खूण त्या बोगद्याबाहेर गेली की वाक्य तुटतं. मित्रांच्या घोळक्यातल्या गप्पा सुटतात, एकट्यानं बाहेर पडणं बंद होतं. घरात कोणाला खुणा येत नसतील तर आई ताट पुढे करते, हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेते, आणि दिवसभराचं बोलणं तेवढ्यावरच संपतं. विशीतला धडधाकट मुलगा खाटेवर बसून राहतो.

अशा मुलाची भाषा डोळ्यांतून हातात आणावी लागते. बोलणाऱ्याच्या हातांवर ऐकणारा आपले तळवे अलगद टेकवतो. बोटं जुळून तोंडाकडे गेली, की त्या हालचालीबरोबर त्याचे हातही तिकडे जातात: ‘जेवण’. दाब किती, वेग किती, हात थबकला का, यावरून राग, घाई, थट्टा सगळं कळतं. पण हे आठवड्यातून दोन तासांच्या शिकवणीनं जमत नाही. ही भाषा येणारी माणसं सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आसपास असावी लागतात. म्हणूनच शिकायचं ठिकाण आणि राहायचं ठिकाण एक असलं, की एरवी वर्षानुवर्षं अडून राहिलेलं शिक्षण पुढे सरकतं.

ज्यांनी भाषा कधी अनुभवलेलीच नाही, त्यांच्यासाठी वस्तूच शब्द होतात. एका ओळीत खण केलेले असतात. पहिल्यात टॉवेल म्हणजे आंघोळ, दुसऱ्यात चमचा म्हणजे नाश्ता, तिसऱ्यात कामाच्या साहित्याचा तुकडा. काम झालं की ती वस्तू ‘संपलं’च्या डब्यात टाकायची. समोर कोण आलंय हेसुद्धा हातालाच कळतं: एक ताई बांगडी चाचपू देतात, एखादे सर घड्याळाचा पट्टा. दारावरच्या घंटीऐवजी पंखा सुरू होतो. अंगावर वारा आला की कोणीतरी आलंय. उशीखालचं घड्याळ थरथरून उठवतं. चहा ओतताना बोटाचं टोक कपाच्या काठाशी ठेवतात. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले तर धरणाऱ्याला ऐकूही येत नाही, हे रस्त्यावरच्यांनी ओळखायचं असतं. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे.

कायद्याला या माणसांची दखल घ्यायला बराच काळ लागला. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात 7 प्रकार होते, त्यांत यांचं नाव नव्हतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकार मान्य केले आणि बहुविकलांगतेत डेफब्लाइंडनेसचा स्पष्ट उल्लेख आला. समाजात राहण्याचा हक्कही याच कायद्यानं दिला. मात्र मोफत शिक्षणाची हमी 6 ते 18 वर्षांपुरती आहे. अठरावं सरलं की आईबापांना तोच जुना प्रश्न पडतो: आमच्यामागे याचं काय? राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही सामूहिक निवासाची योजना याच काळजीतून आली. अशी घरं प्रत्येक जिल्ह्यात हवीत. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुलाला मुंबईपर्यंत यावं लागू नये.

घर मिळालं म्हणून गावाकडचं घर सुटत नाही, सुटूही नये. सुट्टीत परतलेल्या मुलाशी बोलता यावं म्हणून आईवडिलांनी, भावंडांनी निदान पन्नासेक खुणा हातावर बसवाव्यात, यासाठी शिक्षकांना घरच्यांचीही शिकवणी घ्यावी लागते. निघण्याच्या दिवशी खणात पिशवीचा बंद ठेवता येतो. मुलगा तो चाचपतो आणि गावी जायचं आहे हे ओळखतो. आणि तिकडे स्वयंपाकघरात उभी असलेली आई, त्याच्या तळव्यांखाली आपले हात सरकवून, पहिल्यांदाच त्याला विचारू शकते: भाकरी हवी की भात?