आधी संशयित, मग बळी

बातमीतला माणूस : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण बातमी लिहिणाऱ्याच्या बाजूने बोललो. आज खुर्ची फिरवू. ज्याच्यावर बातमी होते, त्या परक्या मुलखातून आलेल्या माणसाला ती कशी दिसत असेल?

११ डिसेंबर २००६. उत्तर इटलीतलं एर्बा हे गाव. तिथल्या एका इमारतीत तरुण बाई, तिचा दोन वर्षांचा मुलगा, तिची आई आणि शेजारीण असे चौघे मारले गेले. बाईच्या घराला आगही लावली गेली. बाईचा नवरा ट्युनिशियाचा. त्यातून नुकताच, सरकारने दिलेल्या सरसकट माफीत, तुरुंगातून सुटलेला. आणखी काय हवं? खुनी तोच आणि तो पसार आहे, हे वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ठरवून टाकलं. तो त्या वेळी ट्युनिशियात आपल्या आईवडिलांकडे होता. महिन्याभरातच त्याच इमारतीतल्या एका इटालियन जोडप्याला अटक झाली आणि पुढे त्यांना जन्मठेप लागली. बायको आणि पोर गमावलेल्या माणसाला रडण्याआधी ‘मी नव्हतो हो’ हे सांगावं लागलं.

या प्रकरणाची लाज वाटून, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने धरलेल्या आग्रहामुळे, जून २००८ मध्ये इटलीतल्या पत्रकारांच्या संघटनांनी एक आचारसंहिता स्वीकारली : ‘कार्ता दी रोमा’, म्हणजे रोमची सनद. ती छोटी आहे. आश्रय मागणारा, निर्वासित, कामासाठी आलेला मजूर या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची खिचडी करू नका. अर्धवट, फुगवलेली माहिती देऊ नका. आणि जो बोलायला तयार होतो त्याची ओळख जपा, कारण प्रसारमाध्यमं कशी चालतात हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

सनदेला सर्वात जास्त झगडावं लागलं ते ‘क्लान्देस्तिनो’ या एका शब्दाशी. चोरून, लपूनछपून आलेला, असा त्याचा अर्थ. तटरक्षक दलाने भर समुद्रातून उचललेला, कॅमेऱ्यांसमोर किनाऱ्यावर उतरवलेला माणूस लपला कुठे? तरी मथळ्यात तो क्लान्देस्तिनोच.

इटालियनांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे ‘परप्रांतीयांचे लोंढे’ किती सहज छापले जातात! लोंढा पाण्याचा येतो. त्याला बांध घालायचा असतो, ‘बाबा रे, कुठून आलास, जेवलास का’ असं विचारायचं नसतं. हा शब्द मीही मथळ्यात वापरला आहे, आणि तेव्हा काही खटकलं नव्हतं. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत गावी जायला आसुसलेले मजूर वांद्रे स्टेशनाबाहेर जमले, तेव्हा काही वाहिन्यांना त्यांच्या पोटापेक्षा शेजारची मशीद अधिक महत्त्वाची वाटली होती.

संशयाचं झालं. पण दयेचाही एक सापळा असतो, आणि तो मला जास्त फसवा वाटतो.

३ ऑक्टोबर २०१३ ला लाम्पेदुसा बेटाच्या अगदी जवळ एक बोट बुडाली. ३६८ जण गेले, बहुतेक सगळे एरिट्रियाचे. विमानतळाच्या हँगरमध्ये शवपेट्यांच्या रांगा लागल्या. पेट्यांवर नंबर, मुलांच्या पांढऱ्या पेट्यांवर खेळण्यातली अस्वलं. ते फोटो जगभर गेले. जग हळहळलं. पण २१ ऑक्टोबरला सिसिलीतल्या अग्रिजेन्तोला सरकारी श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तेव्हा वाचलेल्यांना बेटावरच ठेवलं गेलं. आणि ज्या राजवटीपासून ते पळाले होते, तिचे प्रतिनिधी समारंभाला हजर! वाचलेल्यांनी बेटावर निषेध केला. आपलंच दुःख, आणि आपल्यालाच बोलावणं नाही.

इथे सनदेतलं ओळख जपण्याचं कलम समजतं. एरिट्रियात सक्तीच्या राष्ट्रीय सेवेला अंत नाही आणि परवानगीशिवाय देश सोडणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर उतरलेला मुलगा कॅमेऱ्यासमोर हात धरतो तो गावातल्या आईच्या काळजीने. बघणाऱ्याला मात्र वाटतं, काहीतरी केलं असणार, म्हणून तोंड लपवतोय.

दगमावी यिमेर हा इथिओपियाचा तरुण २००६ मध्ये याच लाम्पेदुसाला बोटीतून उतरला होता. पुढे तो इटलीत चित्रपट करू लागला. ३ ऑक्टोबरच्या मृतांवर त्याने एक लघुपट केला, ‘अस्मात’, म्हणजे ‘नावं’. शवपेट्यांवरच्या नंबरांना दिलेलं ते उत्तर आहे. त्यात त्या सगळ्यांची नावं एकामागून एक उच्चारली जातात. ऐकताना आपण कंटाळतो, चुळबुळतो, आणि नावं संपत नाहीत.

पुढच्या लेखांकात स्थलांतरितांनी स्वतः चालवलेल्या वृत्तपत्रांकडे वळू. तोवर एक करा. घरातल्या पेपरातली स्थलांतरितांवरची एखादी बातमी काढा आणि तिच्यातली नावं मोजा. पोलीस आणि मंत्री वगळून.